फक्कीची रेघ

आमच्या गावात शासनानं तह केला होता. जिल्ह्यातला एकही अधिकारी हे वाक्य खरं म्हणणार नाही. तह होता गोदावरीच्या पात्रात कमरेला पिस्तूल लावून वाळू उपसणाऱ्या टोळीशी. तो पाळला जातो की नाही हे बघायचं काम आम्हा तिघांवर होतं. मी, एक गुरुजी आणि गावचे कोतवाल. कोतवालांना आमची सगळी वस्ती नाना म्हणायची.

माझे वडील गेवराईच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. मोर्चा असो, धरणं असो, जयंतीची सभा असो, तालुक्यातलं पत्रक त्यांच्या हातून जायचं. उलटी छापलेली, शाई फाकलेली पत्रकं घरी यायची. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली आणि छापील बाजूवरून वाचायला शिकले. अन्याय, जाहीर निषेध, बंधूंनो आणि भगिनींनो. घरात गोष्टीची पुस्तकं फारशी नव्हतीच. बाबांचा एकच नियम कडक होता. खाली नाव नसेल ते पत्रक ते जुळवायचे नाहीत. पुढारी कितीही मोठा असो. "नाव टाकायची भीती वाटती तर घरी बसा," असं ते तोंडावर सांगायचे.

छापखाना बंद पडला. मी ग्रामपंचायतीशेजारी एक गाळा घेऊन डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं. सातबारा, दाखले, लग्नपत्रिका. बाबा दिवसभर कोपऱ्यात स्टुलावर बसून प्रूफं तपासत.

तहाच्या आधीची दोन वर्षं आमच्या गावात लढाईच होती. मी दुसरा शब्द वापरणार नाही. तलाठी मॅडमची स्कूटर जाळली. महसूलच्या पथकाच्या जीपवर टिपर घातला, त्यात एका शिपायाचा पाय गेला. मग पोलिस आले. त्यांनी वाळू ओढायच्या केन्या पेटवल्या, ट्रॅक्टरवाले झोडले, आणि ज्यांचा वाळूशी काही संबंध नव्हता असे दोन मेंढपाळही झोडले. त्यानंतर टोळी हवेत गोळ्या झाडायला लागली. बांधावरून शाळेत जाणारी पोरं लांबच्या रस्त्यानं जायला लागली. आणि या सगळ्यात नदीतली जॅकवेल, म्हणजे गावाला पाणी देणारी पात्रातली विहीर, बाजूची वाळू गेल्यामुळं उघडी पडत चालली होती. तिचा पाया दिसायला लागला तेव्हा लोक घाबरले.

तहाची बैठक जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गात झाली. नायब तहसीलदार साहेब, आमच्या ठाण्याचे फौजदार, आणि टोळीचा म्होरक्या, ज्याला सगळे शेठ म्हणायचे. शेठनं पिस्तूल दारात ड्रायव्हरच्या हातात दिलं आणि तो पोरांच्या बाकड्यावर बसला. गुडघे मावेनात म्हणून पाय बाहेर काढून, तिरका.

"एक आधीच सांगतो, याचा कागद करायचा नाही," साहेब म्हणाले. "शासन असला कागद करत नाही."

"आमी बी न्हाई करत," शेठ हसला. "जबान हाय की."

ठरलं ते असं. पात्रात एक रेघ असेल. रेघेच्या वर, म्हणजे जॅकवेल आणि स्मशानाच्या बाजूला, टोळी फावडंही लावणार नाही. रेघेच्या खाली काय चालतं ते प्रशासन बघणार नाही. पात्रात कोणीच बंदूक आणणार नाही, ना पोलिस ना टोळी. आणि रेघेवर उभ्या असलेल्या माणसाला कोणी हात लावणार नाही.

मी विचारलं, "पण खालची वाळू तरी कायदेशीर आहे का?"

फौजदार म्हणाले, "ताई, तुमाला पाणी पाह्यजे का कायदा?"

मी तिथंच उठून जायला हवं होतं. ज्या घरात मी वाढले त्या घरातल्या कुठल्याही पत्रकानं मला तेच सांगितलं असतं. मी बसून राहिले, कारण मला पाणी पाहिजे होतं. वर साहेब म्हणाले, "समितीत एक बाई पाहिजे." ज्या समितीचा कुठंच कागद नव्हता, तिच्यातसुद्धा बाईची जागा राखीव होती. गुरुजी गावाच्या वतीनं आले. फोन करायचं काम माझं. रेघ आखायची नानांनी.

नाना पन्नाशी ओलांडलेले होते. इतकी वर्षं दवंडी देणं, नोटिसा वाटणं, आलेल्या साहेबाची बॅग धरणं, हेच त्यांनी केलेलं. पण शाळेच्या कबड्डीच्या मैदानावर चुन्याची पांढरी फक्की तेच मारायचे, आणि त्यांची रेघ दोरीसारखी सरळ असायची. तुपाच्या पत्र्याच्या डब्याला खालून खिळ्यानं भोकं पाडलेली. त्यात फक्की भरून ते रोज सकाळी उन्हं पात्रात उतरायच्या वेळी काठावरून निघायचे. मागं जॅकवेलची लोखंडी शिडी, पुढं पलीकडच्या काठावरची एकटी बाभळ. या दोन्हींवर नजर ठेवून, डबा हलवत हलवत ते पाण्याच्या कडेपर्यंत जायचे. टेप नाही, खुंटी नाही. वाऱ्यानं, चाकांनी दिवसभरात रेघ पुसली जायची. दुसऱ्या दिवशी ती परत तिथंच पडायची.

"नाना, आज रेघ वाकडी हाय बगा," एखादा ट्रॅक्टरवाला खालून ओरडायचा.

"तुझी नजर वाकडी हाय. उतरली न्हाई का आजून?"

"सरका की चार फूट वर. कोण बघतंय?"

"तुझा बाप बी कबड्डीत असंच म्हनायचा. त्याला बी मी औट दिलतं."

खाली हशा पिकायचा. नानांच्या हातात काठीसुद्धा नसायची. एका वेळूला लाल फडकं बांधलेलं होतं, तेवढंच. कोणी रेघ ओलांडली की नाना वेळू उभा करायचे. मी बांधावरून बघून दोन फोन लावायचे, एक शेठच्या माणसाला, एक फौजदारांना. शेठचा माणूस मोटारसायकलवर यायचा, ओलांडणाऱ्याला सगळ्यांसमोर शिव्या घालायचा आणि त्याच्याच हातानं खड्डा बुजवून घ्यायचा. एकदा पोलिसांचीच जीप आगाऊ न सांगता बंदुकांसह पात्रात उतरली. नानांनी तिच्यापुढंही लाल फडकं धरलं. फौजदारांनी फोनवर आपल्याच माणसांना झापलं आणि जीप मागं गेली. त्या दिवशी ट्रॅक्टरवाल्यांनी नानांना चहा पाजला. मला वाटलं, जमतंय.

पण एक गोष्ट नानांना माझ्याआधी कळली होती. दोन्ही बाजूंनी रेघ मानली तोवर ते रेघेवर उभे होते. ज्या दिवशी कोणी एकजण "कसली रेघ?" म्हणेल, त्या दिवशी ते फक्त टिपरपुढं उभे असलेले एक वयस्कर गृहस्थ असणार होते. "माझ्या अंगावर वर्दी न्हाई, कागद न्हाई," ते एकदा मला म्हणाले. "दोघांच्या तोंडावर उभा हाय मी." ते हसत म्हणाले होते, म्हणून मीही हसले.

दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गेलं. कोणी कडा कारखान्याकडं, कोणी माजलगावकडं, कोणी पार कर्नाटकात. आमच्या आळीत कुलपं आणि म्हातारी माणसं राहिली. बांधावर बघायला कोणी उरलं नाही, आणि मग एका सकाळी रेघेच्या वर तीन खड्डे दिसले. जॅकवेलपासून ओरडलं तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

नानांनी फडकं उभं केलं. मी फोन लावले. शेठचा माणूस आला, खड्ड्यांकडं बघून म्हणाला, "रेघ हितंच हुती की. तुमीच खाली सरकवली." मी फौजदारांना लावला. ते म्हणाले, "मला रेघेचं काय माहीत? मी बघितली होती का कधी?"

नानांनी शिडीकडं बोट केलं, बाभळीकडं केलं. "ही दोन्ही साक्षीला हायत, आन तुमी मला खोटं पाडता व्हय?" शेठचा माणूस तोवर गेला होता.

खड्डे बुजले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात अजून दोन पडले. मी रात्रंदिवस एकच विचार करत होते. दोघंही "कसली रेघ" म्हणायला लागले आहेत, आणि नाना रोज सकाळी तिथं जाऊन उभे राहत आहेत. त्यांच्या अंगावर कागद नाही. मग कागद करायचा. मला दुसरं काय येत होतं?

मी पत्रक लिहिलं. तहाच्या सगळ्या अटी लिहिल्या, बैठक कुठं झाली, कोण कोण बसलं होतं ते हुद्द्यांसकट लिहिलं, आणि खाली मागणी केली की दोन्ही बाजूंनी आम्ही ही रेघ मानतो असं जाहीर सांगावं. बाबांनी प्रूफ वाचलं. बराच वेळ वाचलं.

"त्या दोघांच्या सह्या हायेत का?"

"नाहीत. म्हणून तर छापायचं."

"मग खाली नावं कुणाची?"

"आमची."

त्यांनी मला थांबवलं असतं तर मी थांबले असते का, माहीत नाही. पण ते कसे थांबवणार होते? त्यांनीच मला असं वाढवलेलं. त्यांनी लाल पेनानं दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि म्हणाले, "मथळा ठळक कर. आन मुद्रक म्हनून माझं नाव टाक."

गुरुजी दुकानात आले, उभ्यानं वाचलं आणि म्हणाले, "पोरी, माझं नाव काढ. मला या गावात म्हातारपण काढायचंय." मला तेव्हा त्यांचा राग आला होता. मी त्यांना काहीबाही बोललेही. आज ते समोरून आले की मीच रस्ता बदलते.

नानांना मी पत्रक वाचून दाखवलं. त्यांनी शेवटी विचारलं, "माझं नाव कावून टाकलंस गं?"

"रेघ तुम्ही आखता. तुमचं नाव नसेल तर काय उपयोग?"

त्यांनी कागद हातात घेऊन, बोट फिरवत फिरवत आपलं नाव शोधलं. "हितं हाय का? हे?" म्हणाले. "सगळी उमर लोकांच्या नोटिसा वाटल्या मी. माझं छापलेलं नाव आज बघायलोय." ते लाजल्यासारखे हसले. कागदाची घडी घातली, परत उघडून बघितला, परत घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

पत्रकं मी दूध डेअरीवर, रेशन दुकानावर, शाळेच्या फाटकावर आणि जॅकवेलच्या भिंतीवर चिकटवली. दुपारपर्यंत त्याचे फोटो तालुकाभर फिरले. दुसऱ्या दिवशी एका पेपरात बातमी आली, मथळ्यात प्रश्नचिन्ह टाकून.

सकाळीच नायब साहेबांचा फोन. आवाज चढलेला नव्हता, उलट दमल्यासारखा होता.

"ताई, काय करून बसलात? शासन टोळीशी तह करत नाही."

"सर, तुम्ही समोर होतात."

"असा तह झालेलाच नाही. आणि झालेला नाही हे आता मला दाखवून द्यावं लागेल."

"कसं दाखवणार?"

त्यांनी फोन ठेवला होता.

दुपारी शेठचा माणूस दुकानात आला. कुठल्याशा कागदाची झेरॉक्स काढून घेतली, शांतपणे. जाताना म्हणाला, "जबान हुती ताई. तुमी तिचा बाजार मांडला. आता आमच्यावर कुणाचंच बंधन न्हाई."

हा तह टिकला होता तो कुठंच लिहिलेला नव्हता म्हणून. साहेबांना तो नाकारता येत होता म्हणून ते तो पाळत होते, आणि शेठलाही तेच सोयीचं होतं. दोघं खोटारडे होते आणि त्यांच्या खोटेपणावर नाना उभे होते. मी खरं छापलं आणि नानांच्या पायाखालचं तेवढंही काढून घेतलं. तेव्हा हे मला कळलं नाही. तेव्हा मला वाटत होतं, आता हे दोघं सापडले.

संध्याकाळी नाना दारात आले. आत बसले नाहीत. "उद्या जाऊ का नगं?" त्यांनी विचारलं.

पोरीच्या वयाच्या माझ्याकडं ते विचारायला आले होते. आणि मी म्हणाले, "आता तर जायलाच पाहिजे नाना. आता आपलं छापलेलं आहे."

ते मान हलवून गेले.

दुसऱ्या दिवशी साडेनऊ-दहाच्या सुमारास पथक आलं. तीन जीप, मागं फोटोवाला. तह नव्हता हे दाखवायचं होतं ना. जीप खालच्या उतारावर आडव्या लागल्या, म्हणजे टिपरांची बाहेर पडायची नेहमीची वाट बंद झाली. बांधावरून दोन गोळ्या सुटल्या. मी जॅकवेलच्या कठड्यावर होते. खाली पळापळ झाली आणि टिपर वरच्या वाटेनं निघाले. रेघेच्या दिशेनं.

नाना रेघेवर होते. त्यांनी वेळू उभा धरला होता.

मी दोन्ही फोन लावले. शेठच्या माणसाचा बंद होता. फौजदारांचा वाजत राहिला. मला खाली त्यांच्या जीपमध्ये त्यांची टोपी दिसत होती आणि कानात त्यांच्या फोनची रिंग ऐकू येत होती. मी ओरडले. इंजिनांच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं असेल? पहिला टिपर नानांच्या बाजूनं गेला. दुसरा गेला नाही. नाना बाजूला झाले नाहीत, हे मी पाहिलं. ते का झाले नाहीत, हे मला माहीत आहे.

धूळ बसली तेव्हा रेघ काठापासून पाण्यापर्यंत तशीच होती. फक्त मध्ये थोडी जागा मोडली होती.

पंचनामा तिथंच झाला. पंच म्हणून उभं राहायला कोणी तयार होईना. पथकाबरोबर आलेला एक शिपाई उभा राहिला आणि दुसरी मी. फौजदार एकेक वस्तू सांगत होते, लिहिणारा लिहीत होता. तंबाखूची चंची, एक. मनगटी घड्याळ, बंद, एक. तळाला भोकं असलेला पत्र्याचा डबा, रिकामा, एक. वेळूची काठी, लाल कापडासह. मग त्यांनी नानांच्या आतल्या खिशातून कागदाची घडी काढली. उघडली. ती एका बाजूनं भिजली होती. मथळा स्पष्ट दिसत होता, मी ठळक केलेला. नानांचं नावही दिसत होतं.

फौजदार कागद माझ्यापुढं धरून म्हणाले, "हे वाचता येत नाही. बरोबर?"

"येतंय."

"ताई." ते जवळ आले, आवाज खाली आणला. रागावलेले नव्हते. "वाचता येतंय असं लिहिलं तर मला हे केसला लावावं लागतंय. खाली नावं तीन हायत. एक हा गेला. एक तुमचं. तिसरं तुमच्या वडलांचं. आमी दुपारी निघून जाऊ. ते बगा, ते न्हाई जाणार."

मी बांधाकडं बघितलं. शेठची माणसं मोटारसायकली लावून उभी होती, कुणाला घाई नव्हती. त्यांच्यापासून दहा पावलांवर, गर्दीच्या पुढं, माझे बाबा चष्मा पुसत उभे होते. ते माझ्याकडंच बघत होते.

लिहिणाऱ्यानं लिहिलं, 'भिजलेला, मजकूर वाचता न येणारा छापील कागद, एक.' मी सही केली. खाली स्वच्छ अक्षरात नावही लिहिलं.

पुढं कागदोपत्री जे आलं ते त्यातूनच आलं. कोतवाल खाजगी कामासाठी नदीपात्रात गेले असता अपघात. तह नव्हता तर रेघ नव्हती. रेघ नव्हती तर तिथं त्यांचं काम काय होतं? नायब साहेबांची बदली झाली. शेठला अटक झाली, चारेक महिन्यांनी तो जामिनावर आला. त्यानं आता नदीपलीकडून उपसा सुरू केलाय आणि अलीकडूनही. जॅकवेलच्या शिडीची खालची पायरी हवेत लोंबते. रेघ कोणी आखत नाही.

नानी, नानांची बायको, दळण घेऊन दुकानावरून जाते. ती भांडत नाही. दर वेळी थांबून तेवढंच विचारते, "ते कामावर हुते असं लिहिलेला कागद आनती का गं बाई कुठून? लोक म्हनत्यात, उगं फिराया गेलता म्हातारा." तिला वाचता येत नाही. असा कागद होता, त्यांच्या खिशात होता, आणि तो वाचता येत नाही म्हणून मीच सही केली आहे, हे मी तिला सांगितलेलं नाही. मी म्हणते, "बघते नानी." ती डोक्यावरचं दळण सावरते आणि जाते.

बाबा अजून कोपऱ्यात स्टुलावर बसतात. लग्नपत्रिकांची प्रूफं तपासतात. त्या सहीबद्दल आम्ही कधी बोललो नाही. हे लिहून झाल्यावर मी त्यांना वाचायला दिलं. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, लाल पेन हातात असून एकही खूण केली नाही, आणि पान उलटून मागची कोरी बाजू बघितली.

"ह्याच्यात कुणाचंच नाव न्हाई," ते म्हणाले.

"नाही."

"तुझं बी न्हाई."

त्यांनी कागद माझ्याकडं परत दिला आणि पुढची पत्रिका ओढून घेतली.